पंख्याने हवा कुठल्या बाजूला फेकावी

गुरुवार, सकाळ

प्रिय उस्ताद,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. आईंचे गुडघे आता जिना चढू देतात का, तुझ्या सौ.चा खोकला गेला का, आणि तुझं वजन (मागच्या भेटीत मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, याची नोंद घ्यावी) आटोक्यात आहे का, ते सविस्तर कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझी ताई लेकीकडे जाऊन आज तेवीस दिवस झाले, तरी घर जागच्या जागी आहे, कुंड्यांतली झाडं जिवंत आहेत आणि मी दोन्ही वेळा घरचं जेवतो (करतो एकदाच, जेवतो दोनदा). फक्त गाडीच्या अंगात जरा कसर होती. त्यासंबंधी केवळ तुझ्या माहितीसाठी हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू मधे बोलतोस, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. तुझ्या गॅरेजला सुटे भाग पोचवणारा टेम्पो उद्या दुपारी आमच्या कोपऱ्यावरून निघतो, त्या ड्रायव्हरच्या हाती हे देईन. (गॅरेजमधली माणसं तुला उस्ताद म्हणतात म्हणून मीही म्हणतो. माझ्या लग्नात माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधणारा नऊ वर्षांचा मुलगा मला अजून आठवतो, पण ते असो.)

तर येत्या रविवारी लेकीला, तिच्या मुलीला आणि तुझ्या ताईला घरी आणायचं आहे. नात रविवारी बरोबर सतरा दिवसांची होईल आणि मी तिला अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे, त्यातही बहुतेक वेळा कपाळ आणि टोपडं. रस्ता एकशे तीस किलोमीटरचा, मधे सात किलोमीटरचा सलग चढ. जावयांना रजा नाही आणि त्यांच्याकडे आहे ती मोटरसायकल. तू आपणहून फोन करून म्हणालास, की भाऊजी, मी माझी मोठी गाडी घेऊन जातो, तुम्ही निवांत घरी थांबा. त्यावर मी जे बोललो ते तुला लागलं, असं ताईकडून कळलं. मी दोनच वाक्यं बोललो होतो. एक, माझी नात पहिल्यांदा घरी येईल ती आजोबांच्या गाडीतून. दोन, गाडीच्या बाबतीत मला गॅरेजवाल्याची गरज आजवर पडलेली नाही आणि पुढेही पडणार नाही. दोन्ही वाक्यांवर मी ठाम आहे. तुझी ताई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, गाडी तयार आहे ना, आणि मी रोज सांगतो, तयार आहे. या उत्तरात मी आजपर्यंत एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

आता मूळ हकीकत. दोन आठवड्यांपूर्वी पुलाच्या दुरुस्तीमुळे एकेका बाजूची वाहनं सोडत होते, तिथे मी वीस मिनिटं अडकलो. गाडी सुरू, पुढे ट्रक, मागे ट्रक. बघता बघता तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकला आणि लाल पट्ट्यावर जाऊन बसला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. दुसरा कोणी असता तर गाडी तिथेच सोडून पळाला असता. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडलं नाही (गरम असताना ते उघडणारे लोक तुझ्या गॅरेजात भुवयांशिवाय येतात, हे तूच सांगितलं होतंस). ट्रकवाल्यांनी मला बरेच सल्ले दिले, त्यांतले काही माझ्या खानदानाबद्दल होते. पाऊण तासाने गाडी थंड झाल्यावर पाणी भरून घरी आणली आणि कामाला लागलो.

दोष शोधणं म्हणजे काय, हे तुम्हा लोकांना मी वेळोवेळी सांगत आलो आहे. तुम्ही भाग बदलत सुटता. मी आधी इंजिन तापू दिलं आणि पाहिलं, तर रेडिएटरमागचा पंखा ढिम्म. मग छोटा बल्ब आणि दोन वायरी घेऊन वीज कुठपर्यंत येते ते तपासलं. फ्यूज उडालेला होता. फ्यूज का उडाला, तर पंख्याच्या पात्यांत एक चिंधी अडकून पंखा जाम झाला होता. ती चिंधी पूर्वी माझा बनियन होती आणि मी तिने इंजिन पुसत असे, पण ती तिथे कोणी विसरली हा इथे मुद्दा नाही. चिंधी काढली, तेवढ्याच क्षमतेचा नवा फ्यूज लावला आणि पंखा भिंगरीसारखा फिरू लागला. पाऊण तासात सोक्षमोक्ष. इथे तुझ्यासारखा माणूस बॉनेट आपटून चहा प्यायला गेला असता.

मी तसा गेलो नाही. मी पंख्यामागे हात धरून पाहिला, आणि जे आढळलं त्याने मी चाटच पडलो. पंखा बाहेरची हवा रेडिएटरमधून ओढत होता आणि ती गरम झालेली हवा थेट इंजिनाच्या तोंडावर मारत होता. तुला ठाऊक आहे, मी सूतगिरणीत एकतीस वर्षं एक्झॉस्ट पंख्यांच्या देखभालीवर काढली. चौसष्ट पंखे माझ्या हाताखाली होते आणि चौसष्टच्या चौसष्ट पंख्यांचं तोंड बाहेर होतं. जिथे उष्णता आहे तिथून ती बाहेर फेकायची, हा आमचा पहिला धडा. एकदा एका नव्या वायरमनने एक पंखा उलटा जोडला, तर सगळ्या खात्याचा कापूस आणि गर्मी आत कोंडली आणि साहेबांच्या चष्म्यावर पुंजके बसले. आणि इथे गाडी बनवणारी एवढी मोठी कंपनी इंजिनाचीच गर्मी इंजिनावर फुंकते आहे. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटलं नाही, कारण तुम्ही लोक बघताच कुठे. मी पंख्याच्या प्लगमधल्या दोन पिना काढून त्यांची अदलाबदल केली. पंखा उलटा फिरू लागला. मी गाडीपुढे उभा राहिलो, तर गरम हवेचा झोत माझ्या गुडघ्यांवर आला. इतका बरा शेक मिळाला की आईंची आठवण झाली. अंगणात दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, काटा जागचा हलला नाही. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं: कारखान्याची चूक दुरुस्त केली.

मग रस्त्यावर फेरी मारली. इथे एक किरकोळ गोष्ट घडली. गल्लीत गाडी शहाण्यासारखी वागली, पण मोठ्या रस्त्याला लागून साठच्या वर नेली की काटा चढू लागला. हळू केली की उतरे, जोरात नेली की चढे. तुला सांगतो, मी चक्रावलो नाही. जोरात जाताना वारा जास्त लागतो, म्हणजे गाडी जास्त थंड व्हायला हवी. तसं होत नसेल तर दोष पंख्यात नाही, दुसरीकडे आहे. (पंखा मी स्वतः सुधारलेला असल्यामुळे तो यादीतून आधीच बाद होता.) म्हणून मी क्रमाने निघालो. रेडिएटरमधलं पाणी दोनदा काढून कूलंट नवं भरलं. रेडिएटरच्या जाळीतले किडे मऊ ब्रशने एकेक करून झाडले. रेडिएटरचं झाकण नवीन आणलं. बेल्ट ताणून पाहिला. चार नळ्या काढून त्यांत फुंकून पाहिलं. प्रत्येक वेळी फेरी, प्रत्येक वेळी साठच्या वर काटा लाल, आणि प्रत्येक वेळी मी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा. त्या रस्त्यावरचा पंक्चरवाला आता मी दिसलो की खुर्ची बाहेर काढतो.

शेवटी थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा हा छोटा दरवाजा वेळेवर उघडतो की नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मानणार नव्हतो. म्हणून तुझ्या ताईच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं, तो आत सोडला, गिरणीतून निवृत्त होताना मिळालेलं तापमापक धरलं आणि गॅस पेटवला. दरवाजा बरोबर ब्याऐंशीला उघडला, म्हणजे त्यावर जो आकडा कोरला आहे तोच. तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही. दरवाजा निर्दोष होता, म्हणून जसा होता तसा परत बसवला. पातेल्याला मात्र थोडा वास राहिला आहे आणि आतून निळसर तवंगाची एक रेघ आली आहे, जी राखेने, चिंचेने आणि उन्हाने गेली नाही.

मधे एक उपाय सापडलाही होता. गाडीतला हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची गर्मी आत येते आणि काटा खाली बसतो. याची चाचणी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना (सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणते) भर दुपारी बँकेत नेताना घेतली. बाई मांडीवर पर्स ठेवून ताठ बसल्या होत्या. तिसऱ्या सिग्नलला त्यांनी रुमाल काढला आणि हीटर चुकून चालू राहिला आहे का, असं विचारलं. मी त्यांना तत्त्व समजावून सांगितलं. त्या रुमालाने कपाळ टिपत म्हणाल्या, “म्हणजे आत्ता आपण दोघं रेडिएटरचं काम करतोय, असं ना?” परत येताना त्या रिक्षाने आल्या. उपाय अचूक होता, पण सतरा दिवसांच्या बाळाला अशा भट्टीत घालून एकशे तीस किलोमीटर आणणार कसं. त्या रात्री मी दोनदा उठून अंगणात गाडीपाशी जाऊन आलो, हेही लिहून टाकतो, कारण मी काही लपवणारा माणूस नाही.

असो. आज सकाळी शांतपणे बसून मी वहीवर नजर फिरवली. पंखा ठीक, पाणी ठीक, झाकण ठीक, दरवाजा ठीक, नळ्या ठीक. सगळंच ठीक असेल तर गाडी तापूच शकत नाही. तेव्हा गाडी तापत नाही. काटा खोटं बोलतो आहे. (परवाच्या फेरीत टाकीतून पाणी उसळून बाहेर आलं, ते मी जास्त भरलं होतं म्हणून.) प्रश्न अशा रीतीने सुटला आहे आणि रविवारी सकाळी सहाला मी निघतो आहे. तू येण्याची तसदी घेऊ नकोस. दोष कसा शोधावा याचा नमुना म्हणून हे पत्र गॅरेजात सर्वांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझा,
भाऊजी

ता. क. गुरुवार, संध्याकाळ. टेम्पो परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर एक वस्तू पाठव. तुझ्या गॅरेजसमोर भांड्यांचं दुकान आहे, तिथून दोन लिटरचं, काठाला चोच असलेलं, जाड बुडाचं दुधाचं पातेलं घे. नवं कोरं दिसायला नको, तेव्हा एकदोनदा कशावर तरी आपट. ताईला यातलं काही कळता कामा नये. ती पातेलं उचलून नुसत्या वजनावरून ओळखेल अशी मला धास्ती आहे, पण प्रयत्न करू.

ता. क. दुसरा. शुक्रवार, सकाळ. पत्र अजून माझ्याकडेच आहे, म्हणून घडलं ते लिहितो. सकाळी गाडी सुरू करून अंगणात उभी केली होती. बाई वर्तमानपत्र घेऊन फाटकाशी आल्या, माझ्याशी बोलता बोलता गाडीच्या नाकासमोर उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात पंखा सुरू होऊन वर्तमानपत्राचं मधलं पान उडून त्यांच्या चेहऱ्यावर बसलं. त्यांनी ते काढून घडी घातली आणि विचारलं, हवा बाहेर कशी काय येते. मी म्हटलं, मीच तशी केली आहे, आणि एक्झॉस्टचा नियम सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सहावीच्या वर्गाला विचारावं तसं विचारलं, “गाडी पुढे जाते तेव्हा वारा कुठून येतो?” मी म्हटलं, समोरून. “आणि तुमचा पंखा तो कुठे ढकलतो?” मी म्हटलं, समोर. मग त्यांनी उरलेलं वर्तमानपत्र उघडून वाचायला घेतलं. मुलाला स्वतः उत्तर सापडू द्यायचं, ही त्यांची जुनी पद्धत असावी. मला सुमारे चार मिनिटं लागली. समोरून येणारा वारा आणि आतून येणारा माझा वारा रेडिएटरच्या जाळीत एकमेकांना अडवून उभे होते, आणि गाडी जितकी जोरात जाई तितकी त्यांची झुंज जुंपे. गिरणीची इमारत रस्त्यावरून साठच्या वेगाने धावत नव्हती, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. एकतीस वर्षांच्या अनुभवाची ही एकच उणी बाजू.

दोन्ही पिना पूर्ववत केल्या. वर्तमानपत्राचं तेच पान जाळीवर धरलं, तर ते जाळीला चिकटून बसलं. बाईंना पुढच्या सीटवर बसवून (हीटर बंद, हे त्यांनी स्वतः बघून घेतलं) मोठ्या रस्त्याला बारा किलोमीटर गेलो. सत्तर, ऐंशी, काटा मधोमध. पंक्चरवाल्याने खुर्ची बाहेर काढली, त्याला हात करून पुढे निघून गेलो. तात्पर्य, दोष माझ्या हातून दूर झाला. कोणाच्या हातून निर्माण झाला, याचा उल्लेख गॅरेजात पत्र वाचताना गाळावा. खरं तर पत्र वाचूच नये. आणि काट्याची मी माफी मागतो.

ता. क. तिसरा. शुक्रवार, अकरा वाजता. सुरुवातीला लिहिलेल्या माझ्या दोन ठाम वाक्यांपैकी दुसऱ्यावरून (गॅरेजवाल्याची गरज नाही, त्यावरून) मी थोडा हललो आहे. कारण असं, की खोलणं-जोडणं झाल्यावर, काढलेले बोल्ट मी ज्या जुन्या बरणीत ठेवत होतो तिच्यात दोन बोल्ट आणि एक चकती उरली आहे, आणि ते कुठले हे मला आठवत नाही. बारा किलोमीटरमध्ये त्यांच्यावाचून काही अडलं नाही. पण तो सात किलोमीटरचा चढ, आणि मागच्या सीटवर सतरा दिवसांची पोर. एरवी असे दोन बोल्ट मी खिशात टाकून बेधडक निघालो असतो. या वेळी माझी छाती होत नाही. तू शनिवारी सकाळी ये. माझ्या हाताखालून गेलेला एकेक भाग पुन्हा तपास, हवं तर सगळं खोलून पहिल्यापासून जोड, मी बाजूला उभा राहून पाने हातात देईन आणि तोंड उघडणार नाही. दोन वर्षांपूर्वी चारचौघांत, तुझ्या माणसांसमोर, तुम्ही नुसते भाग बदलता असं मी बोललो होतो, ते मला तेव्हाही बोलायला नको होतं. मी दुपारच्या जेवणाची सोय करतो.

ता. क. चौथा. टेम्पोवाला हॉर्न देतो आहे, थोडक्यात लिहितो. गाडी तू तपासून ठीक म्हणालास म्हणजे ठीक. तरी रविवारी चालवायला तूच चल. गाडी आजोबांचीच राहील, त्यात फरक पडत नाही. तुझ्या ताईला मागे बसलं की मळमळतं, ती पुढे बसेल. मागे लेक एका खिडकीला, मी दुसऱ्या, आणि मधे ती. मी चालवायला बसलो तर साडेतीन तास मला फक्त रस्ता दिसेल, आणि रस्ता मी खूप पाहिला आहे. ताईने विचारलं तर सांग, की तूच हट्ट धरलास आणि भाऊजींचा नाइलाज झाला.